शिळेची वरची बाजू

गदाई मिस्त्रीने विचारलं ते अगदी साधं होतं. कॉलेजच्या नव्या संग्रहालयात, दारासमोरच्या चौथऱ्यावर ती मोठी शिळा उभी करायची होती. सिमेंट कालवून तयार होतं. गमछाने मान पुसत तो म्हणाला, "दीदीमणी, ह्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले?"

"बाण काढलाय ना त्यावर, बघ की."

"पांढरा बाण आहे. पण खालून दुसऱ्या अंगाला एक तांबडा फराटा दिसतोय. तोही बाणच वाटतो, आणि तो उलटा आहे. म्हणून विचारलं. एकदा सिमेंट धरलं की मग मला बोल लावायचा नाही."

प्रणति गुहठाकुरता खाली वाकली. चष्मा कपाळावर चढवून तिने तो फराटा बोटाने चाचपला, पुन्हा चाचपला. "आज राहू दे, गदाई," ती म्हणाली. गदाईने कालवलेल्या सिमेंटकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मनातल्या मनात सगळ्या शिकलेल्या बायकांचा उद्धार केला.

त्या दिवसापासून प्रणतिच्या पायाला भिंगरी लागली. तशी ती स्वस्थ बसणारी बाई कधीच नव्हती. आसनसोलमध्ये तिला ओळखणारे सांगतात की वर्गात शिकवतानाही ती खिडकी ते फळा, फळा ते दार अशा येरझाऱ्या घालायची आणि पोरांच्या माना दुखायच्या. पण आता डाळीत दोनदा मीठ पडायला लागलं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे ओलेच खाली यायला लागले. तिचा नवरा मृगांक रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला, वर्धमानकडचा, जातिवंत घोटी, म्हणजे मूळचा पश्चिम बंगालचा. पूर्व बंगालातून आलेल्यांना बांगाल म्हणून चिडवायचं, त्यांच्या सुकटीच्या वासाला नाकं मुरडायची आणि स्वतः डाळीत साखर घालायची, हा घोटी लोकांचा जन्मसिद्ध हक्क. मृगांक तो हक्क रोज बजावत असे. पण दुसऱ्यांदा मीठ पडलेली डाळ पुढ्यात आल्यावर तो चिडवायचं विसरला.

"झालंय काय तुला?"

"काही नाही. माझं आख्खं आयुष्य उलटं उभं असेल कदाचित," प्रणति म्हणाली आणि ताट तसंच टाकून गच्चीवर निघून गेली.

तिचा जन्म खाणवस्तीतला. बाप, उपेंद्रनाथ, खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर. देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या बरिशालहून एक पेटी आणि म्हातारी आई घेऊन आलेला. आमच्याकडे कोणी नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच असतो, तुमचा देश कुठे, म्हणजे मूळ गाव कुठलं? उपेंद्रनाथ म्हणे, बाडी बरिशालला, इथे नुसता बासा. बाडी म्हणजे घर, बासा म्हणजे बिऱ्हाड. मरेपर्यंत त्याने या मुलखातल्या कुठल्याही छपराला बाडी म्हटलं नाही, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं. खालून कोळसा काढून पोकळ केलेली ती जमीन. कधी भिंतीला हात जाईल एवढी चीर पडे, कधी परसातून धूर निघे, आणि वस्ती उठवून पुढे न्यावी लागे. प्रणति शहाण्या मुलींसारखी सकाळी अंगणात अनवाणी फिरून जमीन कुठे कोमट लागते का ते बघायची. तिच्या लहानपणी त्यांनी किती बिऱ्हाडं बदलली ते विचारलं की तिची आई नुसती हात झटकायची.

खाणीबाहेर टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर पातळ पाट्या सापडत. त्यांवर जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे, मधोमध जाड शीर, बाजूला जाळी. बाकीची पोरं त्या पाट्या एकमेकांना फेकून मारत. ही फ्रॉकच्या ओच्यात भरून घरी आणायची. एकदा तिने बापाला विचारलं होतं, ही झाडं इथलीच का? बाप हसून म्हणाला, "कोण जाणे मा, आपल्यासारखी वाहूनही आली असतील." मुलीला लाडाने ‘मा’ म्हणणाऱ्या बापाला तो विनोद वाटला. मुलीला तो लागला.

पुढे ती कोलकात्याला भूगर्भशास्त्र शिकली आणि तोच प्रश्न घेऊन परत आली. प्रश्न तसा जुना आहे. आमच्या दामोदरकाठच्या कोळशाचं रान जिथे उभं होतं तिथेच पडून, दलदलीत कुजून, दबून कोळसा झालं, की दूरच्या नदीने झाडंझुडपं पुरात वाहून आणून इथल्या खोलगट जागेत टाकली? ओळखायची खूण सोपी आहे. रान जागचं असेल तर कोळशाच्या थराखाली त्या रानाच्या पायाची माती सापडते, मुळांसकट. वाहून आलेलं असेल तर खाली नुसती वाळू, आणि ओंडके आडवे पडलेले.

तिचे गुरू भवतोष रक्षित. सगळे त्यांना मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. ते वाहून आलेल्याच्या बाजूचे. माणूस विद्वान, हजरजबाबी आणि जिभेचा तिखट. प्रणति त्यांची लाडकी विद्यार्थिनी, त्यांच्याच घरी पोस्तो-भात, म्हणजे खसखशीची भाजी आणि भात, जेवून वाढलेली म्हणाना. ती जागच्या रानाच्या बाजूची झाली तेव्हाही दोघांचं बरं चाललं होतं. पण भर सभेत एकदा मास्टरमोशाय बोलून गेले, "जे स्वतः वाहून आलेले असतात, त्यांना जागच्या मुळांची फार हौस." सभा हसली. प्रणति उठून गेली. त्यानंतर तिने त्यांचं तोंड पाहिलं नाही आणि त्यांनी तिला बोलावलं नाही.

आणि मग तिला शिळा मिळाली. जमिनीखालच्या जुन्या खाणीत, जी आता पाण्याने भरून बंद आहे, कामगारांच्या टिकावाखाली ती उघडी पडली. राखाडी मातीचा दगड, एका अंगाला कोळशाचा काळा पापुद्रा, त्यापासून वीतभर अंतरावर गंजाच्या रंगाची बारीक रेघ, आणि दगडात सरळ उभी घुसलेली, मणक्यांच्या माळेसारखी दिसणारी मुळं. त्या जिभेच्या पानांच्या झाडाचीच ती मुळं, यात कोणाचं दुमत नाही. कोळसा वर आणि मुळं खाली, म्हणजे रान जागचं. हीच शिळा दाखवून तिने सभा जिंकल्या, तिचं नाव झालं, पाठ्यपुस्तकात शिळेचं चित्र आलं.

एवढंच की ती शिळा उलटी धरली तर अर्थही उलटा होतो. कोळसा खाली आणि मुळं वर, म्हणजे कोळसा आधीच येऊन पडलेला आणि ते रान नंतर त्याच्यावरच्या गाळात उगवलेलं. मग त्या मुळांवरून कोळशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मुळं खाली निमुळती होतात हे खरं, पण शिळेतले तुकडे इतके आखूड की दोन्ही टोकं सारखीच जाड. म्हणून तर दगड जागेवरून सुटण्याआधी त्यावर वरच्या दिशेचा बाण काढायचा, हा या धंद्यातला पहिला धडा.

तिने बाण काढला होता. खाली पाणी ठिबकत होतं, खडू टिकेना, म्हणून गेरूने काढला. वरून काम संपल्याचा भोंगा झाला आणि दगड तिच्या डोळ्यांआड वर गेला. आमच्या खाणींची रीत अशी की खालून काही नवलाचं निघालं तर ते आधी खाणीच्या तोंडाशी असलेल्या कालीमातेच्या थानावर, म्हणजे देवळीत, ठेवायचं. उतरणारी प्रत्येक पाळी त्याला सिंदूर लावून खाली जाते, कारण ज्या आईच्या पोटातून ते आलं तिच्याच पोटात आपल्याला शिरायचं असतं. प्रणति खाणवस्तीतलीच, तिलाही ते रास्त वाटलं. चार-सहा दिवसांनी शिळा हाती आली तेव्हा ती नखशिखांत लाल झालेली होती. तिने ती घासून धुतली आणि आठवणीवरून पांढऱ्या रंगाने नवा बाण काढला. गेरू लाल, सिंदूर लाल. कुठली रेघ तिची आणि कुठली कोणा खाणकामगाराच्या बोटाची, हे तेव्हाही कळलं नव्हतं. पण तेव्हा तिला उत्तर माहीत होतं, निदान तसं तिला वाटत होतं, म्हणून प्रश्न पडला नाही.

आता पडला होता आणि तो तिला खात होता. संग्रहालयाचं उद्घाटन तोंडावर आलेलं, गदाई रोज फोन करून सिमेंटचं विचारतोय. शेवटी ती मदन बाउरीला शोधायला गेली. शिळा खांद्यावरून वर आणणारा तोच. आता बाजारात चहाच्या टपरीवर मुडी-चॉप, म्हणजे चुरमुरे आणि तळलेला वडा, खात बसलेला सापडला.

"मदन, ती शिळा आठवते का रे?"

"आठवते म्हणजे काय, दीदीमणी! खांदा अजून दुखतो."

"कोळशाच्या वरून निघाली होती की खालून?"

मदनने मुडीची मूठ तोंडाशी थांबवली. "तुम्हाला कुठून हवी?"

"मला हवी तिथून नको. होती तिथून सांग."

"खालून," मदन ठासून म्हणाला.

"नक्की?"

"नाही. तुमचं तोंड बघून म्हटलं."

प्रणतिला हसावं की रडावं कळेना. मदनला तिची दया आली असावी, कारण त्याने उरलेला चॉप तिच्यापुढे सरकवला. "तोच थर आता शालडांग्याच्या उघड्या खाणीत निघालाय," तो म्हणाला. "तळापर्यंत कोळसा उचललाय. पण सोमवारपासून खड्डा भरायला घेणार. वरची दगडमाती टाकली की तळ गेला. पहाऱ्यावर माझा मेहुणा आहे. उद्या पाळी बदलताना येता?"

ती म्हणाली, उद्या कशाला, आजच जाऊ. मदन म्हणाला, मेहुण्याची पाळी उद्या आहे. त्या एका दिवसात तिने घरातली सगळी कपाटं आवरली आणि सगळी पुन्हा विस्कटली.

शालडांग्याच्या खाणीत उतरताना धुळीने तोंड भरतं, बोलायची सोय नाही. रिकामा डंपर वर चढत होता, त्याला वाट देऊन दोघं तळाशी पोचले. कोळसा खरवडून नेलेला, खाली राखाडी फरशीसारखा तळ उघडा पडलेला. प्रणति गुडघ्यांवर बसली आणि हाताने, मग पदराने, तो पुसायला लागली. वाळूचा कणखर दगड होता. मूळ नाही. चार पावलं सरकून तिने पुन्हा पुसलं. वाळूच. मदनने बरोबर आणलेला खराटा तिने हिसकावून घेतला.

खराट्याखाली मग ओंडके दिसायला लागले. दाबून चपटे झालेले, सालीच्या रेघांसकट, आडवे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, पुरात अडकलेल्या लाकडांसारखी. पलीकडच्या कोपऱ्यात तरी काही वेगळं असेल म्हणून ती तिकडे धावली, तिथून परत इकडे. अठ्ठावन्न वर्षांची बाई भर उन्हात खराटा घेऊन खाणीचा तळ झाडत फिरतेय, हे बघून मदनचा मेहुणा वरून शिट्टी वाजवायची विसरला.

मग तिने मान वर केली. कडेच्या उभ्या भिंतीत अजून न काढलेला कोळसा होता, आणि कोळशाच्या वर राखाडी मातीचा थर. त्या मातीत कोळशापासून वीतभर उंचीवर गंजाच्या रंगाची एक बारीक रेघ. आणि रेघेला छेदून उभी, मणक्यांच्या माळांसारखी मुळंच मुळं. तशीच रेघ तिच्या शिळेत होती, कोळशापासून तेवढ्याच अंतरावर. तळाशी असली माती औषधालाही नव्हती. तिच्याजवळ हातोडी होती, पण एकही तुकडा तिने तोडला नाही. उतारावरच्या एका दगडावर ती जाऊन बसली.

"काय निघालं, दीदीमणी?" मदनने विचारलं.

"मी उलटी निघाले," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने मृगांकला सगळं सांगितलं, साडीवरची काजळी न झटकता. त्याने ऐकून घेतलं आणि मग प्रेमाने, अगदी मनापासून, तो जे म्हणाला ते कोणीही नवरा म्हणाला असता. "सोमवारी तो खड्डा भरेल. जुनी खाण पाण्यात आहे. मदन कोणाला सांगणार नाही. लाव शिळा आहे तशी. कोणाला कळणार आहे?"

"वाटभर मीही तेच म्हणत आले," प्रणति म्हणाली. "तुला काय वाटलं, मला सुचलं नसेल?"

"मग?"

"मग काय! लाज वाटते म्हणून नाही रे. पाठ्यपुस्तकातून चित्र काढतील, लोक हसतील, ते हसू देत. पण आता मला ते कळलंय, आणि रोज दारातून आत जाताना ती शिळा माझ्याकडे बघणार. मी आधीच बसू शकत नाही, आणखी किती फिरू?" आणि ती रडली. तिचं रडणं मृगांकने लग्नानंतर फार क्वचित पाहिलं होतं, त्यामुळे त्याला काय करावं ते सुचेना आणि तो चहा टाकायला गेला. खरं दुःख तिने त्यालाही सांगितलं नाही. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की या खचणाऱ्या, धुमसणाऱ्या मुलखात एक गोष्ट तरी अशी आहे जी इथेच जन्मली, इथेच मेली आणि हलली नाही. तीही गेली.

सकाळी उठून ती बांकुड्याच्या बसमध्ये बसली. बस दामोदरवरच्या पुलावर आली तेव्हा तिने फोन काढला. "गदाई, कोळसा खाली. हो, खालीच. पांढरा बाण खरवडून टाक." पलीकडून गदाई म्हणाला, बरं झालं सांगितलंत, सिमेंट परत कालवावं लागेल तेवढं. फोन ठेवल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. खरं अवघड काम पुढेच होतं.

मास्टरमोशाय बांकुड्याला मुलीकडे राहत. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेली, डोळे जवळजवळ गेलेले. व्हरांड्यात वाटी घेऊन दुधात भिजवलेली मुडी खात होते. पायांच्या आवाजावरून म्हणाले, "कोण? एवढ्या घाईघाईत चालणारी एकच बाई मला माहीत आहे."

प्रणतिने त्यांच्या पायांना हात लावला. "मास्टरमोशाय, तुमचं बरोबर होतं. आमचा कोळसा वाहून आलेलाच आहे. मी तळ बघितला."

तिला वाटलं होतं ते हसतील, किंवा टोमणा मारतील, आणि त्या टोमण्यासाठी तिने बसमध्ये मन घट्ट करून ठेवलं होतं. पण म्हातारा तिच्याकडे वळला. मग त्याने वाटी खाली ठेवली. "सांग. सगळं सांग. ओंडके कोणत्या बाजूला होते?"

"वायव्येला तोंडं. म्हणजे नदी इकडून, आग्नेयेकडून येत होती, आजच्या दामोदरच्या उलटी."

"आणि थराखाली?"

"वाळू. कणखर."

"आणि तुझी मुळं?"

"ती वरच्या मातीतली," प्रणति म्हणाली. "आधी लाकूडफाटा येऊन साचला, त्यावर गाळ बसला, त्या गाळात ते रान उगवलं. मुळं खाली कोळशापर्यंत पोचलीत. शालडांग्याला तर काही आतही शिरलीत. पण कोळसा त्या रानाचा नाही. माझी शिळा फुकट गेली, मास्टरमोशाय."

"फुकट?" म्हातारा एकदम भडकला. "मी जे म्हणत होतो ते पुस्तकांतून म्हणत होतो, कळलं का? कमरेच्या दुखण्यापायी मी कधी त्या खाणीत उतरलोसुद्धा नाही. बरोबर निघालो ते नशिबाने. तळ तू पाहिलास, मी नाही. आणि त्या दिवशी सभेत मी जे बोललो ते..." तो अडखळला. ही जीभ अडखळताना प्रणतिने पूर्वी कधी ऐकली नव्हती. "ते नीचपणाचं होतं. कोळशाबद्दल नव्हतंच ते."

"राहू द्या आता."

"नाही राहू देणार. एक विचारतो त्याचं उत्तर दे. तुझ्या शिळेतलं रान उभं होतं ना? मुळं सरळ खाली गेलेली?"

"हो."

"मग ते वाहून आलेलं नव्हतं."

"नाही. ते जागचंच."

"मग बाईसाहेब, ते रान कुठलं?"

"कुठलं म्हणजे?" प्रणति म्हणाली.

"इतकी वर्षं तू त्याला माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलंस," म्हातारा म्हणाला. "कोळशाचं विचारलंस. त्याचं स्वतःचं कधी विचारलंस? वाहून आलेल्या कचऱ्यावर उगवलं, त्याच्यातच मुळं घातली, तिथेच वाढलं. किती वाढलं? किती उन्हाळे-हिवाळे टिकलं? खोडं केवढी होती? मला कोणीतरी सांगा, मी काय कायमचा जगणार आहे?"

खोडं. मुळांच्या वर खोडं असणार, तिने भिंतीत तेवढं वर बघितलंच नव्हतं. ती कोळशाकडे बघत होती, आयुष्यभर कोळशाकडेच. ते इथलं होतं. ज्याच्यावर उभं होतं ते वाहून आलेलं असलं तरी ते स्वतः इथलं होतं, आणि या गोष्टीला कोणाच्या बाणाची गरज नव्हती. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याच वेळी तिचे पाय चपला शोधू लागले.

"चहा येतोय, मा. बस की जरा."

"सोमवारी खड्डा भरणार आहेत," प्रणति पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "मदनला फोन करते. ती भिंत अजून दोन दिवस उभी आहे."